चार पोस्टकार्डांवरची गाडी

गेल्या गणपतीत, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टअखेर, माझा पुतण्या रोह्याहून तळ्याला आला तो एक गाडी घेऊनच. आरतीच्या आधी अंगणात हॉर्न वाजला, पोरेटोरे धावली, आणि मागोमाग आम्ही म्हातारेही. गाडी लाल-पांढरी, बुटकी, जमिनीला जरा जास्तच चिकटलेली. दारावर आणि बॉनेटवर विंचवाचे चिन्ह. दोन दिवसांत आळीतल्या पोरांनी तिचे बारसे करून टाकले : विंचवाची गाडी!

खरे नाव अबार्थ पुंटो. फियाट कंपनीने २०१५ साली ही गाडी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून काढली. दिसायला चारचौघींसारखी पाच दारांची गाडी, पण पोटात १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. कार्लो अबार्थ हा मूळचा व्हिएन्नाचा गृहस्थ. त्याने १९४९ साली इटलीत शर्यतीच्या गाड्यांचा कारखाना काढला आणि स्वतःची रास वृश्चिक म्हणून विंचू हे चिन्ह घेतले. जाणकार मंडळी म्हणतील, पाच दारांच्या गाडीला कसली स्पोर्ट्‌स कार म्हणता? म्हणोत बापडी. मी आयुष्यभर जी प्रीमियर पद्मिनी चालवली तीही फियाटच्याच कुळातली, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या चाळीसएक अश्वशक्तीत मला इंदापूर ते तळा हा रस्ता पुरून उरला. तिच्या साडेतीनपट ताकद ज्या गाडीत आहे तिला स्पोर्ट्‌स कार म्हणायला माझी तरी हरकत नाही.

पुतण्याने ती मुंबईतल्या एका गृहस्थाकडून जुनी घेतली होती. मालक बराच काळ परदेशी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी, किलोमीटर कमी. "काका, टायरची नक्षीसुद्धा शाबूत आहे बघा," असे त्याने मोठ्या अभिमानाने दाखवले. होतीच शाबूत. बटणे चांगली खोल, कडेला झिजल्याची खूण नाही. मीही मान डोलावली. वास्तविक मी मान डोलवायला नको होती. का, ते पुढे सांगतो.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो इंदापूरहून येत होता. सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पाऊस आपल्याकडे पडतो तसाच पडत होता. एका उतारावर समोर गुरे आडवी आली, वेग पन्नासच्या आतबाहेर, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबण्याऐवजी नुसती घसरत राहिली. पायाखाली एबीएसची थरथर लागत होती, स्टिअरिंग हातात होते, पण गाडी जणू शेवाळावर उभी होती. गुरे बाजूला झाली म्हणून निभावले. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता आणि मुलगी मात्र "अजून एकदा घसर ना बाबा" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन मी त्या चार टायरांपुढे उकिडवा बसलो. टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांनंतर एक लांबलचक आकडा असतो आणि त्याच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. ते होते ३२१८. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे हे टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात, ऑगस्ट महिन्यात जन्माला आले होते. सात वर्षे पुरी. अंगठ्याने कड दाबली तर बटणांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. नक्षी शाबूत होती, रबर मेले होते. ऊन, हवा आणि एका जागी उभे राहणे यांनी रबर कडक होत जाते. आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. चालणारा टायर झिजतो, तसा उभा टायर म्हातारा होतो. फरक इतकाच, की झीज डोळ्यांना दिसते आणि म्हातारपण दिसत नाही.

मला हे कळायला हवे होते, कारण हा धडा मी एकदा घेतलेला आहे. १९९४ च्या जुलैची गोष्ट. शिक्षकाचा पगार, घरात दोन शिकणारी मुले, आणि पद्मिनीचे मागचे दोन टायर गोटा झालेले. मुंबईत एका दुकानात मला निम्म्याहून कमी पैशांत दोन 'जवळजवळ नवे' टायर मिळाले. नक्षी अशी रेखीव, की मी दुकानदाराचे आभार मानून आलो. पुढे कळले, की ते गोटा झालेले टायरच होते. गरम पात्याने त्यांत पुन्हा खाचा कापलेल्या. म्हणजे रबर आधीच संपलेले, त्यात आणखी खोल चिरा. तळ्याच्या रस्त्यावरच्या एका वळणावर पावसात गाडीचा मागचा भाग आमच्या पुढे निघाला आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन थांबला. मला खरचटले. सौ.चा उजवा हात मनगटात मोडला. तो हात आजही मृग लागला की ठणकतो, आणि ती काही बोलत नाही, नुसता हात चोळते. साडेतीनशे-चारशे रुपये वाचवले होते मी.

तेव्हा "परवडणारा टायर" या शब्दांनी मी जरा दचकतो, हे वाचकांनी समजून घ्यावे. पण म्हणून महागडाच टायर घ्या असे सांगणाराही मी नाही. पुतण्याचा पगार मला ठाऊक आहे, गाडीचा हप्ता ठाऊक आहे. प्रश्न असा होता, की पैसे जपून या विंचवाच्या गाडीला कोणते टायर घालावेत. त्यावर आमच्या घरात पंधरा दिवस जो काथ्याकूट झाला तो सांगण्यासारखा आहे, कारण हल्ली कोकणातल्या गावागावांत मुंबई-पुण्याच्या जुन्या वेगवान गाड्या येऊ लागल्या आहेत, आणि त्या घेणारी पोरे आपल्याच घरची आहेत.

पहिला सल्ला आला शेजारून. आमचे शेजारी एसटीच्या आगारात वर्षानुवर्षे होते. ते म्हणाले, "गुरुजी, एसटी रबर चढवलेल्या टायरांवर अख्खा महाराष्ट्र फिरते. तुमच्या पुतण्याची गाडी काय सोन्याची आहे?" बोलणे चुकीचे नाही. बसचा टायर पुन्हा रबर चढवण्याच्या हिशेबानेच जाड बांधणीचा केलेला असतो, महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत तो तपासून घेतात, आणि बसचा वेगही बांधलेला. वेगवान मोटारीच्या टायरची कड पातळ आणि लवचीक. त्याचे आतले अंग किती थकले आहे हे बाहेरून कळत नाही. बसला जे शोभते ते या गाडीला शोभेलच असे नाही, हे त्यांनीही शेवटी मान्य केले, चहाच्या दुसऱ्या कपानंतर.

दुसरा सल्ला पुतण्याच्या मित्रांचा. चाकेच बदल! सोळा इंची काढ, सतरा इंची मॅगव्हील घाल, रुंद टायर बसव, गाडी उठून दिसेल. इथे मात्र मी आवाज चढवला. फियाटने २०१९ साली आपल्याकडे मोटारी बनवणे थांबवले. विंचवाच्या पायांसारख्या आरांची ही कंपनीची चाके आता सहजासहजी मिळणारी वस्तू नाही, आणि गाडी जशी घडवली तशी तिची स्प्रिंगे, ब्रेक आणि चाके एकमेकांच्या मापाने घडवलेली आहेत. शिवाय साधे गणित करून बघा. टायरवर १९५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. १९५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मि.मी. आर म्हणजे रेडियल आणि १६ ही चाकाची इंचातली मोजणी. सतरा इंची चाकावर २०५/४५ चा टायर घातला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण कडेची उंची उरते ९२ मि.मी. खड्डा आणि धातूचे चाक यांच्यामध्ये जे रबर उभे आहे त्यातले पंधरा मिलिमीटर तुम्ही पैसे देऊन कमी केलेत. आमच्या रस्त्यावर पहिल्याच पावसाळ्यात एक तर टायरला फुगा येणार, नाही तर रिम वाकणार.

तिसरा सल्ला मात्र विचार करण्याजोगा होता : त्याच चाकावर २०५/५५ घाला. व्यास ६२१ वरून ६३२ मि.मी. होतो, गाडी पाचेक मिलिमीटर वर उचलली जाते, कडही तेवढीच वाढते. आपल्या खड्ड्यांना हे बरे. तोटे असे, की वेगाचा काटा पावणेदोन-दोन टक्के कमी दाखवू लागतो, मोठ्या टायरने गाडीचा चटपटीतपणा किंचित मंदावतो, आणि माणसे भरून पूर्ण वळवल्यावर चाक आत कुठे घासत नाही ना हे पाहावे लागते. पुष्कळ जण असे करतात. मी म्हटले, कंपनीने दारापाशी लावलेल्या पट्टीवर जे माप लिहिले आहे तेच ठेवू. मी शिक्षक होतो, पाठ्यपुस्तक सोडून शिकवायला मला नेहमीच भीती वाटत आली आहे.

या मापाच्या बाबतीत एक सुखद शोधही लागला. वेगवान गाडीचा टायर म्हणजे दुर्मिळ आणि महाग, अशी आमची समजूत होती. पण गेल्या काही वर्षांत मारुतीची बलेनो आणि ह्युंदाईची आय-२० या घरोघरच्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांना नेमके हेच १९५/५५ आर १६ माप आले. त्यामुळे हा टायर आता सगळेच देशी कारखाने काढतात आणि माणगाव-रोह्यालाही मागवला तर येतो. आम्हांला सांगितलेले भाव साडेपाच-सहा हजारांपासून नऊ हजारांपर्यंत होते, एकाचे. म्हणजे विंचवाला नांगी शर्यतीची, पण पायताण बाजारातले चालते.

परदेशी बनावटीचे खास चिकट रबराचे टायर पुतण्याच्या मनात भरले होते. पण २०२० च्या जूनपासून केंद्र सरकारने तयार टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून असे टायर मागवणे जिकिरीचे झाले. आणि खरे सांगायचे तर ते आपल्याला हवेत कशाला? असे रबर लवकर झिजते. त्याची खरी चुणूक कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना सपाटीवर ताशी १०० ची मर्यादा आहे. आपल्याला टायर हवा तो चार महिन्यांच्या पावसासाठी आणि आठ महिन्यांच्या खडीसाठी.

मग देशी टायरांत निवड कशी करायची? इथे दुकानदार ब्रँडचे नाव घेतो आणि आपण नावावर जातो. मी मुलांना ताळेबंद शिकवावा तसा पुतण्याला टायरच्या कडेचा मजकूर शिकवला. आयएसआयचा शिक्का पाहिजेच. मापानंतरचा ८७ हा वजनाचा अंक. त्याचा अर्थ एका टायरने ५४५ किलो पेलायचे. त्याच्या पुढचे अक्षर वेगाचे : एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०. तेवढ्या वेगाने कोणी तळ्याच्या रस्त्यावर जाणार नाही, जाऊ नये. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगते, म्हणून कंपनीने दिले त्याच्या खाली उतरू नये. पुष्कळ टायरांवर 'ट्रेडवेअर', 'ट्रॅक्शन', 'टेम्परेचर' असे तीन शब्दही असतात. पहिल्यापुढचा आकडा झिजेचा. तो जितका मोठा तितका टायर सावकाश झिजतो, मात्र प्रत्येक कारखाना हा आकडा स्वतःच ठरवतो, तेव्हा दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जरा सावधपणे करावी. दुसऱ्यापुढचे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लागण्याचे : डबल ए सर्वांत चांगले, मग ए, बी, सी. वळणावरच्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही. तरी कोकणातल्या माणसाने आधी हे अक्षर बघावे आणि मग किंमत.

आम्ही शेवटी मधल्या किमतीचा, ट्रॅक्शन ए असलेला, पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद उभ्या खाचांचा एक देशी टायर ठरवला. नाव सांगत नाही; मी काही जाहिरात करायला बसलेलो नाही, आणि त्या किमतीत तीन-चार कंपन्यांचे टायर जवळपास सारखेच होते.

आता पुन्हा पैसे. चार टायर म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या घरातली रक्कम. पुतण्या म्हणाला, "काका, आत्ता दोन घालू, पुढची. दोन दिवाळीनंतर." पंक्चरवाल्यानेही त्याला तेच सांगितले होते : इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, तेव्हा नवे टायर पुढे. ऐकायला अगदी पटते. आणि नेमके हेच चुकते. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते. आपण पाय उचलतो, ती बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्याला काही करायला वेळ मिळत नाही. टायर बनवणारेही म्हणूनच दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे घाला असे सांगतात. मी हे त्याला समजावत होतो तेव्हा सौ. आतून बाहेर आली आणि काही न बोलता उजवा हात चोळत उभी राहिली. "चारही घालू," पुतण्या म्हणाला.

या वेळी आम्हांला सरकारनेही थोडा हात दिला. टायरवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून, नेमक्या घटस्थापनेच्या दिवसापासून, तो १८ टक्के झाला. १२८ रुपयांची वस्तू ११८ ला. तोवर गाडी अंगणात उभी ठेवली आणि पुतण्या कामाला एसटीने गेला. चार टायरांवर दोन हजारांहून जास्त वाचले. हा खरा स्वस्तपणा, असे माझे मत. रबरातून पैसे वाचवू नयेत, करातून वाचले तर जरूर वाचवावेत.

एक हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला होता, तो इथे देतो. गाडीचे वजन साधारण बाराशे किलो, म्हणजे एका चाकावर तीनशे. टायरमध्ये हवा ३२ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. तीनशे भागिले सव्वादोन, उत्तर १३३ चौरस सेंटिमीटर. आपले टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते, १२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे १४५ अश्वशक्ती, चारही चाकांचे डिस्कब्रेक, एबीएस, आणि आत बसलेली तीन माणसे हे सारे चार पोस्टकार्डांवर उभे आहे. एबीएस पकड निर्माण करत नाही. जी आहे ती वाया जाऊ देत नाही, इतकेच. पोस्टकार्डाखाली पाण्याचा थर साठला आणि तो फेकायला खाचांत जागा उरली नाही, की संपले. टायरच्या खाचेत १.६ मि.मी. उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी तिथवर झिजली की कायद्याने टायर बाद. नव्या टायरला सात-आठ मि.मी. असतात. मला विचाराल तर कोकणात तीन मि.मी. उरले की पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलावा. कायदा सगळ्या देशासाठी केलेला असतो, मांदाडच्या खाडीवरून येणारी सर त्याने पाहिलेली नसते.

आणि रस्त्यांबद्दल? मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. त्यावर इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही. फक्त एवढेच म्हणतो, की प्रत्येक खड्ड्याचा कर आपण टायरच्या दुकानात भरतो आणि त्याची पावती कुठल्याच अंदाजपत्रकात लागत नाही. पण खड्ड्यांकडे बोट दाखवून आपलेही सुटत नाही. आमच्या बाजारपेठेत मी पाहतो : वीस हजारांचा स्पीकर लावलेली गाडी, काचेवर झोकात लिहिलेले नाव, आणि खाली टायर गोटा. "अजून एक पावसाळा काढतील" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, आणि १९९४ साली माझ्याही तोंडून.

टायर बसवताना मी मुद्दाम बरोबर गेलो. चारही टायरांवरचे आकडे वाचले : २७२५, २७२५, २७२५ आणि एक २९२५. दुकानातला मुलगा हसला, म्हणाला, "गुरुजी, पत्रिका बघताय का?" एका टायरवर 'आउटसाइड' हा शब्द आतल्या बाजूला गेला होता, तो उतरवून पुन्हा बसवायला लावला. नवे व्हॉल्व घातले, बॅलन्सिंग केले, अलाइनमेंट करून घेतली, आणि डिकीतली स्टेपनी बाहेर काढली. तिच्यावर २०१५ साल होते. तिचे काय करायचे यावर अजून एकमत झालेले नाही.

खंडेनवमीला अंगणात गाडी धुऊन उभी केली. झेंडूचा हार बॉनेटवर, विंचवाला हळदकुंकू, चारही चाकांना हळदीची बोटे. संध्याकाळी हलकी सर येऊन गेली होती. पुतण्या म्हणाला, इंदापूरपर्यंत जाऊन येतो. मी पुढे बसलो, सौ. आणि नात मागे. त्या उतारावर रस्ता मोकळा पाहून त्याने मला विचारले, आणि पन्नासच्या वेगात ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. मागून नात म्हणाली, "घसरली नाही ना!" आणि रुसून बसली.

जुन्या चार टायरांपैकी दोन मांदाडच्या एका होडीवाल्याने होडीच्या कडेला बांधायला नेले. एक अंगणातल्या आंब्याला टांगला आहे, नातीचा झोपाळा म्हणून. चौथा गोठ्यामागे पडला होता, तो परवा पंक्चरवाला मागायला आला. म्हणाला, नक्षी चांगली आहे, कोणाला तरी स्टेपनीला चालेल. मी कुऱ्हाड घेऊन त्याची कड आधी तोडली आणि मग त्याला दिला.